सांध्यातली न थांबणारी दवंडी

हिर्डोशीच्या एक बाई भातलावणीच्या दिवसांत माझ्याकडे आल्या. वय चाळिशीचे. म्हणाल्या, "डॉक्टर, सकाळी मूठच वळत नाही. तास-दीड तास बोटं शेकली की मगच भाकरी थापता येते." दोन वर्षे त्या कोणाकडून तरी पुड्या घेत होत्या. पुडी घेतली की आराम, चुकली की दुप्पट सूज. दोन्ही मनगटे व बोटांचे सांधे सुजलेले होते आणि एक बोट वाकडे झाले होते.

त्यांना वाटे, चिखलपाण्यात काम केल्याने हे झाले. पण हा आमवात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याच जिल्ह्यात भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली सुरू केलेल्या पाहणीत हजार प्रौढांमागे सुमारे पाच जणांना हा विकार आढळला.

यात नेमके काय घडते? जखम झाली की शरीरातील पेशी काही रासायनिक निरोप सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. गावात दवंडी पिटली की माणसे जमतात, काम उरकते आणि सारे घरी जातात, तसेच हे. आमवातात मात्र शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यावर उलटते आणि दवंडी थांबतच नाही. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ या निरोप्यांमुळे सांध्याचे अस्तर सुजते, कूर्चा झिजते व हाड कुरतडले जाते. इंटरल्युकिन-६ मुळे थकवा येतो आणि रक्तातील सीआरपी वाढते.

साध्या वेदनाशामक गोळीने दुखणे कमी होते, पण ही दवंडी चालूच राहते. अनोळखी पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने सूज झटकन उतरते, पण हाडे ठिसूळ होतात व साखर वाढते. अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे. डॉक्टरांना दाखवूनच ती कमी करावी.

मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. रक्ततपासणी वेळेवर हवी आणि गरोदरपणात ते चालत नाही. लंडनमध्ये फेल्डमन व मैनी या डॉक्टरांनी १९९२ साली टीएनएफ रोखणारे औषध रुग्णांना प्रथम दिले. आज ती इंजेक्शने मिळतात, पण महाग आहेत. शिवाय टीएनएफ क्षयरोगाला आवर घालतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी आवश्यक.

वाचकहो, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक राहत असेल, दोन्ही हातांचे लहान सांधे सहा आठवड्यांहून जास्त सुजलेले असतील, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जा. आर.ए. फॅक्टर नसला तरी हा आजार असू शकतो.

त्या बाईंना मी पुण्याला तज्ज्ञांकडे पाठवले. पुढच्या लावणीला त्या शेतात उतरल्या. वाकडे झालेले बोट मात्र सरळ झाले नाही. ती दोन वर्षे वाया गेली नसती, तर तेही वाचले असते.