विसरलेली तबकडी

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील एक कुशल वादक. नवनवी वाद्ये हाताळण्याची त्यांना मोठी हौस होती. इ. स. १९८२ मध्ये त्यांनी जपानी बनावटीची तीन विद्युत्‌वाद्ये एकत्र जुळविली. एक ठेका धरी. दुसरे आधी ठरवून दिलेले खर्जातील स्वर पुन्हा पुन्हा घोळवी. आणि तिसऱ्यावर, म्हणजे सिंथेसायझरवर, ते स्वतः राग आळवीत. तेव्हा चित्रपटांत डिस्को या पाश्चात्त्य नृत्यसंगीताची चलती होती. त्याच ठेक्यावर भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग वाजवून त्यांनी ध्वनिमुद्रिका तयार केली. पण तिला गिऱ्हाईक मिळेना. लवकरच ती विस्मृतीत गेली. सिंग यांनी मात्र वादन सोडले नाही.

१९८७ मध्ये अमेरिकेतील शिकागोच्या तरुणांनी त्याच जातीच्या खर्जवाद्यातून एक नवे नृत्यसंगीत निर्माण केले. ते जगभर गाजले. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती सिंग यांची जुनी तबकडी लागली. तसेच सूर मुंबईत पाच वर्षे आधीच उमटले होते! २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा प्रसिद्ध झाली. सत्तरीच्या घरातील सिंग यांना युरोपातून आमंत्रणे आली. तेच राग त्यांनी नव्या श्रोत्यांपुढे वाजविले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

यश उशिरा आले खरे. परंतु ती न खपलेली तबकडी कोणी जपून ठेवलीच नसती, तर ते कधीही आले नसते.