जुने कडबाकुट्टी यंत्र : पारख आणि जुळवणी

सोलापूर रस्त्यावरील हडपसर हे पूर्वी मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस व भाजीपाला पिकविणारे गाव होते. मगरपट्ट्यातील शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून तेथे नगर वसविले व २००० साली त्याचे बांधकाम सुरू झाले. रान गेले की गोठा मोडतो आणि गोठा मोडला की कुट्टी यंत्र विक्रीस निघते. असे यंत्र स्वस्त पडते खरे. परंतु त्याची जुळवणी बिघडलेली असल्यास कुट्टी नीट होत नाही व हातासही धोका पोहोचतो.

यंत्र पाहण्यास गेल्यावर प्रथम पात्यांकडे पाहू नये, आसाकडे पाहावे. विजेचा पुरवठा तोडून जड चाकाची कड पात्यांपासून दूर धरावी व आपल्याकडे ओढून पुन्हा लोटावी. चाक मागेपुढे सरकत असेल, तर आसाचे बुश किंवा बेअरिंग झिजलेले आहे असे समजावे. ते बदलल्यावाचून पुढील कोणतीही जुळवणी टिकत नाही. रंग नवा आहे, यावर मुळीच भुलू नये.

कडबा अर्धवट तुटून त्याचे धागे लोंबू लागले, की बहुतेक जण पाती पाजविण्यास धावतात. धार गेलेली असू शकते. तथापि पुष्कळदा दोष असतो तो पाते व तोंडावरील स्थिर पट्टी यांमधील फटीचा. फट वाढली म्हणजे ताट कापले जाण्याऐवजी दुमडून फटीत ओढले जाते, आणि यंत्रावर विनाकारण भार येतो. जाड पोस्टकार्ड जेमतेम सरकेल, इतकीच फट असावी. पात्यामागील जुळवणीचे स्क्रू थोडे थोडे फिरवून ती साधावी. नंतर तोंडाशी साधा कागद काठीच्या टोकाला लावून धरावा व चाक हळूहळू फिरवावे. प्रत्येक पात्याने कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ कापला पाहिजे आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येता कामा नये. एका टोकास कापला व दुसऱ्या टोकास दुमडला, तर पाते तिरपे बसले आहे. पट्टीची कड गोल झाली असल्यास तीही उलटून किंवा बदलून घ्यावी.

पाते पाजविताना फक्त उताराची बाजू घासावी; सपाट बाजूस सहाण लावू नये. घासताना पाते निळे पडले तर पोलादाचे पाणी उतरते, म्हणून ते वरचेवर पाण्यात बुडवावे. सर्व पाती सारखीच घासावीत, नाहीतर वजनात फरक पडून चाक थरथरते.

तुकडे लहानमोठे पडत असतील, तर वरच्या दातेरी रुळाची स्प्रिंग सैल आहे काय, हे पाहावे. कडबा आत न जाता बाहेर फेकला जात असेल, तर मोटार उलटी फिरत आहे. तीन फेजच्या मोटारीच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली असता दिशा बदलते. हे काम तारतंत्र्याकडूनच करवावे.

वेग वाढविण्यासाठी मोटारीवर मोठी पुली बसविण्याची खोड वाईट. मिनिटास १४४० फेरे घेणाऱ्या मोटारीवर ३ इंची व यंत्रावर १२ इंची पुली असल्यास चाक सुमारे ३६० फेरे घेते. हा आकडा यंत्रावरील पाटीत दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक नसावा. सैल झालेला नट कुट्टीत पडला, तर तो जनावराच्या पोटात जातो, हेही ध्यानात असू द्यावे.

चारा सारण्याची पन्हळ इतकी लांब व वरून झाकलेली असावी, की हात पूर्ण लांबविला तरी बोटे रुळापर्यंत पोहोचू नयेत. जुन्या यंत्रांवरील हे झाकण पुष्कळदा काढून टाकलेले आढळते; सुताराकडून वा लोहाराकडून ते प्रथम बसवून घ्यावे. बटण बंद केल्यावरही जड चाक काही वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबल्यावर चाकाच्या आऱ्यांत लाकडी ओंडका अडकवावा आणि मगच पान्यास हात घालावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी हा ओंडका यंत्राशी साखळीने बांधून ठेवण्यास सांगावे. पहिल्या दिवशी तासभर कुट्टी केल्यानंतर यंत्र थांबवून पात्यांचे सर्व नट पुन्हा आवळावेत व फट पुन्हा तपासावी.