चोवीस तारखेची रात्र कुणाकडे?

नवरा-बायको वेगळे राहायला लागले की पहिल्या नाताळला भांडण पंचवीस तारखेचं होत नाही, चोवीसच्या रात्रीचं होतं. निदान आमच्या वसईत तरी. रात्रीची मिस्सा, पटांगणातल्या गळाभेटी, घरी येऊन केक. मुलांचा नाताळ म्हणजे हीच रात्र.

मी मुलाला घेऊन माहेरी आले, त्या वर्षी आम्हा दोघांत दिवस ठरलेले होते. पण मिस्सा सुटल्यावर आत्यानं त्याला विचारलंच, "आज कुणाकडे येणार रे? आजी वाट बघतेय." तेवढ्यात मामानं दुसरा हात धरला. आठ वर्षांचं पोर. नव्या शर्टाचं एकच बटण काढत-लावत उभं राहिलं, घरी आल्यावर केकला हातही लावला नाही. म्हणून सांगते, हा प्रश्न मुलाला विचारायचा नाही, हे दोन्हीकडच्या आजी-आजोबांना, आत्या-मामांना आधीच बजावून ठेवा. वाईटपणा आला तरी घ्या.

सकाळ इकडे, दुपार तिकडे अशी वाटणीही नको; मुलाचा सण स्कूटरवरच जातो. चर्चच्या पंचांगात नाताळचा काळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीतही चालतो. मध्ये पवित्र कुटुंबाचा सण येतो, आणि 2 ते 8 जानेवारीमधल्या रविवारी तीन राजांचा. आम्ही त्याचाच आधार घेतला. गोठा दोन्ही घरी होतो. हिरवळीसाठी डब्याच्या झाकणात नाचणी पेरायची, तीही दोन्हीकडे मुलानंच. ज्या घरी चोवीसची रात्र, तिथल्या गव्हाणीत तो बाळ येशू ठेवतो. दुसऱ्या घरचे तीन राजे त्याच्या हातून मांडले जाईपर्यंत थांबतात, आणि त्या रविवारी तिथे सणाचं पूर्ण जेवण होतं, करंज्यांसकट. पुढच्या वर्षी उलट. मुलाला दोन्हीकडे काहीतरी 'त्याचं' काम असतं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

हे सगळं आगमनकाळ सुरू होण्याआधी, नोव्हेंबरातच लिहून ठरवा. 2001 च्या दुरुस्तीपासून ख्रिस्ती जोडप्यांनाही परस्पर संमतीनं घटस्फोट मागता येतो. तसा अर्ज करत असाल, तर संमतीच्या अटींत 'नाताळची सुट्टी निम्मी-निम्मी' एवढ्यावर भागवू नका. कोणत्या वर्षी चोवीसची रात्र कुणाकडे, हे वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्या.

आणि मूल तिकडे असेल त्या रात्री घरी एकट्या बसू नका. बहिणीकडे जा, गायनमंडळात उभ्या राहा. फोन एकदाच करा, मिस्सेनंतर. 'तुझ्याशिवाय करमत नाही' हे त्यात येऊ देऊ नका, नाहीतर पोर तिथलं ताट अर्धवट टाकून इकडे यायला निघतं.