भंगारातील सोने

सराफकट्ट्यावर भल्या पहाटे दुकानांसमोरची धूळ झाडून नेणारा झारेकरी आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. कानशीखालून उडालेला सोन्याचा कण त्या धुळीत असतो. झारेकरी ती पाण्यात घोळवतो, हलकी माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका धुळीचा आहे. मात्र ती सराफाच्या दारातली नसून आपल्या खणात पडून राहिलेल्या मोबाईलमधली आणि अडगळीतल्या संगणकातली आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रात नाक खुपसल्याबद्दल विज्ञानशाखेच्या मित्रांनी क्षमा करावी.

सोने गंजत नाही आणि वीज उत्तम वाहून नेते. म्हणून संगणकाच्या फलकावर जेथे दोन भाग एकमेकांस टेकतात, तेथे सोन्याचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असतो. 2022 साली जगात सुमारे 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे ती केवळ 22.3 टक्क्यांची.

हा मुलामा झारेकऱ्याच्या युक्तीने सुटत नाही. तो विरघळवावा लागतो. त्यासाठी नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण, म्हणजेच अम्लराज, शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथील वस्त्यांत फलक जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढण्याचा उद्योग चालत आला आहे. हे काम बहुधा उघड्या हातांनी होते, आणि उरलेले पाणी गटारात किंवा नदीत जाते.

परंतु खरी अडचण विरघळवण्यात नाहीच. त्या द्रावणात सोन्यापेक्षा तांबे, लोह, निकेल कितीतरी अधिक असते. त्या गर्दीतून नेमके सोने वेचायचे कसे? येथे सच्छिद्र पदार्थ उपयोगी पडतात. धातूचे अणू आणि सेंद्रिय दुवे यांच्या चौकटी रचता येतात. त्यांच्या आत इतकी सूक्ष्म दालने असतात की एक-दोन ग्रॅम पदार्थाचे आतील पृष्ठफळ फुटबॉलच्या मैदानाएवढे भरू शकते. या चौकटींच्या कार्याबद्दल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वित्झर्लंडमध्ये वेंडी क्वीन यांच्या गटाने 2018 मध्ये लोहाच्या अशा चौकटीच्या छिद्रांत एक बहुवारिक भरले. सोन्याचा आयन मोठा हावरा, तो तांब्यापेक्षा फार सहज इलेक्ट्रॉन स्वीकारतो. बहुवारिकाने ते दिले की विरघळलेले सोने पुन्हा धातू होऊन छिद्रातच बसते. एक ग्रॅम पदार्थाने 934 मिलिग्रॅम सोने धरले, आणि शेवटी हाती आले ते 23.9 कॅरटचे!

मला त्याहून भावला तो झुरिकचा प्रयोग. तेथील तांत्रिक विद्यापीठात राफाएले मेझेंगा यांच्या गटाने चीज करताना उरणाऱ्या पाण्यातील प्रथिने घेतली. आपल्याकडे पनीर गाळल्यावर पाणी आपण मोरीत ओततो, त्याच जातीचे ते पाणी. आम्ल व उष्णता यांच्या योगाने या प्रथिनांचे तंतू होतात. ते वाळवून स्पंज केला. 20 संगणकांच्या फलकांचे द्रावण त्यात मुरवले, मग स्पंज तापवून सोने वितळवले. 450 मिलिग्रॅमचा गोळा मिळाला, 22 कॅरटचा. कच्चा माल आणि ऊर्जा यांचा खर्च सोन्याच्या किमतीच्या पन्नासाव्या भागाइतका, असे 2024 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले.

तथापि येथे एक गोष्ट नजरेआड होते. स्पंजाची पाळी येते ती आम्लानंतर. फलक आधी विरघळवावाच लागतो, आणि ते द्रावण कारखान्यातील बंद भांड्यातून आले की गल्लीतल्या प्लॅस्टिकच्या टबातून, हे स्पंजाला कळत नाही. प्रयोगातल्या हिशेबाने एका फलकामागे पडतात जेमतेम साडेबावीस मिलिग्रॅम. एवढ्यासाठी कोणीतरी दिवसभर आम्लाच्या वाफा छातीत घेतो. आपल्या देशात 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आणि जुना माल नोंदणीकृत केंद्रामार्फत मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. पण आमच्या घरचा बंद पडलेला संगणक गेल्या दिवाळीच्या साफसफाईत गेला तो भंगारवाल्याकडेच. त्याने तो काट्यावर वजन केला, रोख पैसे दिले, आणि पुढे तो कोठे जाणार हे आम्ही कोणी विचारले नाही.