माळवदातला बास

इस्लापुरात लाकडाला तोटा कधीच नव्हता. किनवटचं जंगल उशाशी, त्यात साग, येन, धावडा, तेंदू. सुताराच्या घरात वाढल्यामुळे रंधा-पटाशी हाताला होतीच. बैलगाडी, बाज, चौकट हे सगळं करून झाल्यावर मी इलेक्ट्रिक बास गिटारीकडे वळलो. आमच्याकडे बास वाजवणारे थोडे, आणि वाजतोय हे ओळखणारे त्याहून थोडे. तरी भीमजयंतीच्या गाण्यांच्या पार्ट्या आहेत, ऑर्केस्ट्रे आहेत, पुण्या-मुंबईची पोरं आहेत. त्यांच्यासाठी बास करता करता जे उमगलं ते खाली लिहितो. क्रम साधारण कामाचाच आहे.

१. लाकूड आधी पडक्या घरात शोधावं, जंगलात नंतर

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. घर केवढं, ते खणांत सांगायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यातली कितीतरी रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची लोकांना धास्तीच बसली. सिमेंटचा स्लॅब आला, जुनी घरं उतरवली जाऊ लागली. कोरीव दारं आणि खांब शहरातल्या बंगल्यांत नि हॉटेलांत गेले. साध्या तुळयांना मात्र कुणी विचारत नाही, आणि मला हव्या असतात त्या तुळयाच.

दोन-तीन पिढ्या छपराखाली राहिलेलं सागवान जेवढं सुकायचं तेवढं सुकलेलं असतं. त्याला पीळ पडायचा असता तर एव्हाना पडला असता. भट्टीत वाळवलेल्या नव्या फळीबद्दल ही खात्री मला देता येत नाही.

तुळई पारखायची रीत सोपी आहे. भिंतीत गाडलेली टोकं आधी बघायची, वाळवी तिथूनच शिरते; दोन्हीकडचं हात-हातभर कापून टाकायचं. कापलेल्या तोंडाला ओला फडका लावला की वाढीची कडी दिसतात, ती जितकी दाट आणि सरळ तितकं बरं. मग सगळ्या अंगावरून चुंबक फिरवायचा. जुने घडीव खिळे आत मोडून राहिलेले असतात आणि वरून दिसत नाहीत. सागात लोखंड राहिलं की भोवती निळसर काळा डाग उतरतो. रंध्याखाली तसा डाग दिसला की हात थांबवायचा, पातं त्यापुढे जाऊ द्यायचं नाही. चुलीच्या धुरानं बाहेरून कोळशासारखी झालेली बाजू दोन सूत रंधली की आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघतं.

भावाची घासाघीस मात्र चालूच राहते. हिमायतनगरकडच्या एका आप्पांनी मला ऐकवलं होतं, “जळणाच्या भावानं मागू नको बाबा. माझ्या आज्यानं गाडी-बैल जुंपून आणलंय ते.” मी भाव वाढवला. त्यावर त्यांनी विचारलं, “पण ह्याचं करायलास काय?” बाजा करणार म्हटल्यावर त्यांनी तुळईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं, आणि पैसे रोखीनंच घेतले.

२. परदेशी लाकडाचा सोस गिऱ्हाइकाचा असतो, गिटारीचा नाही

“दादा, वेंगे मिळंल का? बुबिंगा?” असे फोन येतात. यात पोरांचा दोष नाही. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये पहिला प्रिसिजन बास काढला तो अॅश आणि मेपलचा, म्हणजे अमेरिकेत सहज मिळणाऱ्या लाकडाचा. पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या अलेंबिकनं रंगीबेरंगी लाकडांचे थर जोडून बास केले, स्टॅन्ली क्लार्कच्या हातात ते जगानं पाहिले, आणि महागडा बास म्हणजे दूरदेशीचं लाकूड हे समीकरण रुजलं.

गंमत अशी, की अमेरिकेच्या दृष्टीनं दूरदेश आपलाच आहे. जगभरच्या गिटारींच्या मानेवर पट्टी (फिंगरबोर्ड) म्हणून बसलेलं ‘इंडियन रोझवूड’ म्हणजे शिसव. ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय करारानं २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या अख्ख्या कुळावर नियंत्रण आणलं, बुबिंगाही त्याच वेळी यादीत गेला. सीमा ओलांडणाऱ्या गिटारीला कागद लागू लागले. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सवलत मिळाली, पण मधल्या काळात कंपन्यांनी पर्याय धुंडाळले. स्क्वायर आणि एपिफोनच्या कितीतरी गिटारींवर ‘इंडियन लॉरेल’ची पट्टी आली. हा लॉरेल म्हणजे येन. आमच्याकडे त्याची बैलगाडीची साटी होते.

तेंदूचंही तसंच. उन्हाळ्यात विडीसाठी ज्याची पानं तोडतात तो तेंदू एबनीच्याच कुळातला. त्याच्या पोटातला काळा गाभा पट्टीसाठी देखणा, पण लांब सलग तुकडा नशिबानंच मिळतो आणि वाळताना तो तडकतो. मी त्याच्या फक्त खुणा बसवतो, पट्टीवरचे ठिपके.

३. धड कुणाचंही असो, मान चांगली हवी

इलेक्ट्रिक बासला पोकळ पोट नाही. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असलेला पिकअप फक्त तारेची हालचाल टिपतो. लाकडाचा आवाज त्याला थेट ऐकू येत नाही. मग लाकडानं फरक पडतो का, यावर बासवाले हातघाईवर येतात. माझं मत असं: धडाच्या लाकडानं पडला तर थोडका, मानेच्या लाकडानं मात्र नक्की पडतो.

चौतीस इंची मापाच्या चार तारा मिळून मानेला सत्तर-ऐंशी किलोच्या जोरानं ओढत असतात, रात्रंदिवस. शिवाय मानेचं स्वतःचं एक कंपन असतं. एखादा सूर त्याच्याशी जुळला की मान तारेची ताकद शोषून घेते आणि सूर ठप्पकन मरतो. बहुतेक बासवर हे बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या मध्ये कुठेतरी सापडतं. तपासायचं असेल तर बासच्या डोक्याला एक जड क्लॅम्प लावून तोच सूर पुन्हा वाजवावा. मेलेली जागा सरकते. याचा अर्थ दोष पिकअपचा नाही, पैसे तिथे घालू नयेत.

म्हणून मी मान एकसंध करत नाही. सागाच्या तीन उभ्या पट्ट्या, मधे शिसवाच्या दोन बारीक. वाढीची कडी उभी येतील अशा, आणि शेजारच्या पट्टीचा कल उलटा. एक पट्टी उजवीकडे वळायला बघते तेव्हा दुसरी तिला आवरते. आत पोलादी सळई असतेच, पण मान केवळ सळईच्या भरवशावर उभी असेल तर ती मान मी विकत नाही.

४. सागाला सरस लावण्याआधी त्याचं तेल पुसावं

सागात तेल असतं, जोड धरत नाही. रंधून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी चिकटवलं हे सागाला चालत नाही. ताजा रंधा, लगेच अॅसिटोनचा फडका, आणि तो उडाला की लगेच सरस. पटाशीला धार वरचेवर लावावी लागते, सागातली वाळूसारखी सिलिका धार खाते. शिसवाचा भुस्सा अंगाला खाजवतो, तोंडाला फडका बांधावा. एवढंच.

५. एक उन्हाळा आणि एक पावसाळा मधे जाऊ द्यावा

चिरलेल्या फळ्यांची थप्पी, मधे पट्ट्या, वर वजन. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो आणि हवा कोरडी ठक्क. जुलैत पैनगंगा फुगली, सहस्रकुंडचा धबधबा धडधडू लागला की तीच हवा ओलीगच्च. लाकूड या दोन्हीतून गेलं पाहिजे. पावसाळ्यात घाईनं पट्टी बसवली तर उन्हाळ्यात ती आकसते आणि पडद्यांची टोकं कडेनं बाहेर येऊन बोट कापतात. पडदे मी शक्यतो मार्च-एप्रिलात ठोकतो.

६. मिरजेला जाऊन बसावं

बास कुठे, तंबोरा कुठे, असं वाटेल. पण मराठी मुलखात तारेचं वाद्य करणं ज्यांच्या अंगात मुरलंय ते मिरजेत. शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात सतारीकडे वळले आणि त्यांच्या वंशानं गाव नावारूपाला आणलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तिथे बघण्यासारखी गोष्ट म्हणजे जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो. कारागीर कानस एकदा ओढतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा एकदा ओढतो. तार त्या उतारावर हलकीशी घासत कंप पावते, खाली सुताचा धागा सरकवला की सूर उमलतो. बासवर तार पडद्याला घासून कुरकुरली तर गिऱ्हाईक वाद्य परत आणतं. तंबोऱ्यात त्याच घासण्यासाठी माणूस आयुष्य घालवतो.

आणि बिनपडद्याचा बास? जाको पास्टोरियसनं आपल्या पडदे काढलेल्या जॅझ बासच्या लाकडावर इपॉक्सी चढवली आणि त्यातून जो गुंजणारा, मानवी गळ्यासारखा आवाज निघाला, तो तार लांब सपाट पट्टीवर ओझरती घासल्यामुळेच. तो जवारीचा चुलतभाऊ आहे असं मला वाटतं. बिनपडद्याच्या बासची पट्टी मी आता मिरजेच्या घोडीकडे बघावं तशी बघतो: घट्ट कणाचं शिसव किंवा येन, आणि कानशीचा एकेक हात झाला की ऐकणं. सागाची पट्टी इथे चालत नाही, गुंडाळीच्या तारा तिला खरवडून काढतात.

पडद्याच्या बासमध्ये हिशोब कडक. सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला, सुराप्रमाणे सरकवता येतो. बासचा ठोकला की ठोकला. उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागत जायचं: चौतीस इंचांत पहिला पडदा १.९०८ इंचांवर, बारावा बरोबर सतरावर. बारावा सतरावर आला नाही तर सगळं पुन्हा मोजायचं.

७. वजन खांद्याला विचारावं

सागाचं सलग धड तीन किलोच्या आसपास भरतं. त्यावर मान, खुंट्या, घोडी. पेंडॉलात तीन तास उभं राहून वाजवणाऱ्याला हे जड आहे. म्हणून आत शिवण या झाडाचं लाकूड घालतो आणि वर माळवदाच्या सागाचा पातळ पापुद्रा. बरंच वजन वाचतं. शिवण हलकी, रंध्याला मऊ, वाद्यांसाठी पूर्वीपासून वापरात. पट्ट्याची खुंटी बाराव्या पडद्याच्या रेषेत आली पाहिजे, नाहीतर बासचं डोकं जमिनीकडे झुकतं आणि वाजवणाऱ्याचा डावा हात सूर सोडून मान सावरत बसतो.

८. कागद जपावेत

सागवान तोडायला परवानगी लागते, न्यायला वनखात्याचा पास. वाटेत अडवणाऱ्याला तुळई पडक्या घराची की जंगलातली हे नुसतं बघून कळत नाही. उचलण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावं, घरमालकाची सही घ्यावी, उभ्या घराचा आणि उतरवलेल्या माळवदाचा फोटो ठेवावा. हे फोटो मी बासबरोबर गिऱ्हाइकालाही देतो. बास परदेशी जाणार असेल तर शिसव किती आणि कुठे लावलंय तेही लिहून देतो.