चुंबकीय प्रतिमेत सुई दिसावी कशी?

'एम.आर.आय. यंत्र घेतले, की तपासणीबरोबर त्याच्याच मार्गदर्शनाखाली उपचारही करता येतील ना?' असा प्रश्न देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात. त्याचे उत्तर यंत्राइतकेच त्यासोबत वापरावयाच्या उपकरणांवर अवलंबून आहे. म्हणून हा विषय येथे थोडक्यात मांडत आहोत.

एम.आर.आय.ची प्रतिमा शरीरातील पाणी व चरबी यांतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून मिळणाऱ्या संदेशांतून तयार होते. या शोधासाठी पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. धातूची सुई असा संदेश देत नाही. त्यामुळे ती प्रतिमेत केवळ काळ्या छायेच्या रूपाने उमटते. लोहचुंबकीय पोलादाची सुई तर वर्ज्यच, कारण चुंबक तिला ओढतो व भोवतालची प्रतिमा विस्कटते. टायटॅनियमसारख्या धातूची छाया बरीच आटोक्यात राहते. सुई चुंबकीय क्षेत्राला समांतर असल्यास छाया अरुंद पडते, काटकोनात असल्यास रुंद.

खरी कसोटी येथेच आहे. छाया फार पुसट असेल, तर सुईचे टोक सापडत नाही. फार मोठी असेल, तर ज्या गाठीचा तुकडा घ्यावयाचा ती गाठच झाकली जाते.

यावर शास्त्रज्ञांनी निरनिराळे उपाय योजले आहेत. कॅथेटरच्या नळीवर डिस्प्रोशियम ऑक्साइडची बारीक वलये बसविल्यास ठराविक अंतरावर काळ्या खुणा दिसतात. नळीत गॅडोलिनियमचे सौम्य द्रावण भरल्यास ती उजळ दिसते. टोकाशी सूक्ष्म वेटोळे बसविल्यास यंत्रास टोकाची जागा थेट कळते. परंतु रेडिओलहरींमुळे लांब तार तापण्याचा धोका असल्याने तिची रचना अत्यंत काळजीपूर्वक करावी लागते.

काही उपाय अगदी साधे आहेत. स्तनातील काही संशयास्पद भाग केवळ एम.आर.आय.मध्येच दिसतात. तेथील तुकडा घेताना त्वचेजवळ जीवनसत्त्व ई ची कॅप्सूल ठेवतात. तिच्यातील तेल प्रतिमेत उजळ दिसते व मोजमापास आधार मिळतो. सुईच्या मार्गात प्लॅस्टिकची कांडी ठेवून जागा योग्य असल्याची खात्री करतात. शेवटी तेथे धातूची बारीकशी खूण ठेवली जाते, जेणेकरून पुढे शस्त्रक्रिया करावी लागल्यास नेमकी जागा सापडावी.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर यंत्र हा भांडवली खर्च आहे. सुई मात्र प्रत्येक रुग्णामागे नव्याने लागते, कारण अशा सुया बहुधा एकदाच वापरावयाच्या असतात. म्हणून कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाने ही सोय उभारताना यंत्राच्या निधीबरोबरच उपकरणांसाठी कायम निधीचाही विचार करावा, असे आम्हांस वाटते. यंत्र उभे आहे, पण योग्य सुईअभावी गरजू रुग्णाचे निदान अडले, असे घडू नये. या दृष्टीने दात्यांची लहान देणगीदेखील मोलाची ठरते.