मृत समुद्रात तरंगायला किती पडतात?

जॉर्डनची सहल ठरली की मृत समुद्र यादीत असतोच. एकदा हातपाय न हलवता तरंगून बघावं, आणि जमलं तर सोरायसिसला किंवा सांधेदुखीला उतार पडावा, अशी आशा असते. या दोन्हींचा खर्च अगदी वेगवेगळा आहे.

आधी सरकारी खर्च. व्हिसाचे ४० दिनार आणि पेत्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार. त्याऐवजी ७० दिनारांच्या ‘जॉर्डन पास’मध्ये दोन्ही भागतं, मात्र तो देशात उतरण्यापूर्वी घ्यायचा आणि किमान तीन रात्री राहायचं. एक दिनार म्हणजे सुमारे १.४१ डॉलर. मृत समुद्राचा किनारा या पासात येत नाही. अम्मानहून तासाभराचा रस्ता आहे. टॅक्सीचं भाडं थांबण्याच्या वेळेसकट जाऊन-येऊन ठरवा, नाहीतर परतताना अडून बसाल.

रस्त्याकडेला गाडी लावून फुकट पाण्यात उतरता येतं. तसं करू नका. हे पाणी साध्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारट, सुमारे ३४ टक्के क्षारांचं. जॉर्डन नदी येऊन मिळते, पण बाहेर पडायला वाट नाही. जातं ते वाफ होऊनच. बाहेर आल्यावर मॅग्नेशियमचा तेलकट थर अंगावर राहतो, वाळला की चरचरतो. म्हणून गोड्या पाण्याचा शॉवर असलेल्या किनाऱ्याचं तिकीट किंवा हॉटेलचा डे पास घ्याच. टॉवेल, पोहण्याचा तलाव, अंगाला लावायचा चिखल, जेवण यांतलं त्यात काय येतं ते आधी विचारा. शुक्रवार-शनिवारी तिथे सुट्टी, तेव्हा गर्दी टाळायची तर मधला वार बरा.

आईवडील सोबत असतील तर खोलीपासून पाणी किती पायऱ्यांवर आहे, हेही विचारा. नदीचं पाणी वरच्यावर वळवल्यामुळे आणि क्षार काढणाऱ्या कारखान्यांमुळे पातळी वर्षाला मीटरभर खाली जाते आहे आणि किनारा हॉटेलांपासून लांबतो आहे. फार वाईट वाटतं हे.

चांदीची जोडवी काढून ठेवा, काळी पडतात. आदल्या दिवशी दाढी नको. उताणंच तरंगायचं, उठताना गुडघे पोटाशी घ्यायचे आणि पाय खाली दाबायचे. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. पाणी डोळ्यांत गेलं तर लगेच धुवा. पोटात घोटभर जरी गेलं तरी डॉक्टर गाठा. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वीच विचारावं.

आता उपचार. ही जागा समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून खाली असल्यामुळे उन्हातले भाजणारे अतिनील किरण काहीसे गाळले जातात. सोरायसिसला गुण येतो तो असं ऊन आणि पाणी वैद्यकीय देखरेखीखाली रोज घेऊन, साधारण चार आठवड्यांत. तेव्हा एका दिवसाचे पैसे मौजेच्या खात्यात लिहा. उपचारासाठीच जायचं असेल तर आधी आपल्या त्वचारोगतज्ज्ञांशी बोला, मग महिन्याच्या खोलीभाड्याची घासाघीस करा.